बलूम म्हणजे अजून नाही

जकार्ताला गेल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त कानावर पडलेला शब्द कुठला असेल तर 'बलूम'. जेवलीस का? बलूम. लग्न झालंय का? बलूम. मी आपली सवयीने सरळ 'नाही' म्हणायचे, म्हणजे 'तिदाक', तर समोरचा माणूस जरा दचकायचा, की एवढं कायमचं नाही कशाला म्हणतेय ही बाई. बलूम म्हणजे 'अजून नाही'. अजून जेवले नाही, अजून लग्न नाही, अजून मोनास, म्हणजे इथला राष्ट्रीय स्मारकस्तंभ, बघितला नाही. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असावा असं मला वाटलं होतं.

ऑफिसने दोन वर्षांसाठी पाठवलं होतं आणि भाषा शिकवायला आठवड्यातून दोनदा एक रिटायर्ड शिक्षिका यायच्या. मी त्यांना इबू म्हणायचे (आई, बाई, मॅडम सगळं त्या एका शब्दात येतं) आणि त्या मला म्बाक, म्हणजे ताई. त्यांना माझं मराठी असणं फार सोयीचं वाटायचं कारण अर्धे शब्द फुकटच मिळायचे. बहासा म्हणजे भाषा. सुआमी म्हणजे स्वामी, अर्थात नवरा (यावर मी जरा नाक मुरडलं). दुका म्हणजे दुःख. मग एकदा त्यांनी लिहिलं 'पन्जारा' आणि विचारलं, ओळख. मी म्हटलं पिंजरा? तर म्हणे जवळजवळ. तुरुंग. मूळ शब्द एकच, संस्कृत पंजर, आमच्याकडे येऊन त्यात पोपट बसला आणि त्यांच्याकडे माणसं.

तेव्हा मला इंडोनेशियातल्या तुरुंगाच्या आणि हद्दपारीच्या साहित्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं, हे आधी कबूल करते.

ब्लॉक एम नावाचा भाग आहे दक्षिण जकार्तात, तिथे एका मॉलच्या तळघरात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, अगदी आपल्या अप्पा बळवंत चौकातल्या फूटपाथसारखा वास येतो तिथे. तिथून मी एक पुस्तक उचललं ते केवळ त्याच्या कव्हरमुळे. खाकी कव्हर घातलेलं, शाळेत आपण जूनमध्ये घालायचो तसं, आणि वर लेबल, 'माटेमाटिका'. आत गणित नव्हतं. आत होतं 'रुमाह काचा', प्रामुद्या अनन्ता तूर यांची कादंबरी, काचेचं घर. (काच पण तीच, आपली.) पहिल्या पानावर कुणीतरी नाव लिहून खोडरबरने खोडलेलं होतं, कागद तिथे पातळ झालेला. मी इबूंना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटलं, आणि मग स्वतःलाच हसल्या, म्हणाल्या सवय गं, आता काही होत नाही.

का दार लोटलं ते समजायला मला बरेच महिने लागले. तर थोडक्यात. १९६५ च्या ३० सप्टेंबरच्या रात्री जकार्तात सैन्याच्या सहा जनरल्सना आणि एका लेफ्टनंटला पळवून मारलं गेलं, प्रेतं लुबांग बुआया नावाच्या जागी विहिरीत टाकली गेली. सुहार्तो नावाच्या जनरलने सूत्रं हातात घेतली, ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत पाच लाख ते दहा लाख माणसं मारली गेली असा अंदाज सांगतात. आणखी लाखो पकडले गेले, बहुतेकांवर खटला वगैरे काही नाही. या कैद्यांना म्हणायचे 'तापोल', ताहानान पोलितिक, राजकीय कैदी, याचं तोडून केलेलं रूप. आणि जे तेव्हा देशाबाहेर होते, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात शिकायला पाठवलेले विद्यार्थी, परिषदांना गेलेले लेखक, पत्रकार, त्यांचे पासपोर्ट रद्द झाले. ते मॉस्कोत, पेकिंगमध्ये, प्रागमध्ये जिथे होते तिथेच अडकले, आणि मग तिथून युरोपभर विखुरले.

प्रामुद्यांना १३ ऑक्टोबर १९६५ ला घरातून उचललं. बंदुकीच्या दस्त्याने मारलं त्यात कानाला कायमची दुखापत झाली, आणि घरातली पुस्तकं, हस्तलिखितं, वर्षानुवर्षं जमवलेली कात्रणं जाळली गेली. लेखकाला मारहाण झाली यापेक्षा मला ते कात्रणांचं जास्त लागलं, माहीत नाही का, कदाचित माझ्या आजोबांनी जमवलेली कात्रणं आम्हीच रद्दीत घातली म्हणून असेल. १९६९ मध्ये त्यांना बुरू बेटावर नेलं. मालुकू बेटांतलं एक मोठं बेट, कायू पुतीह झाडांसाठी प्रसिद्ध, ते तेल आपल्याकडे कायापुटीचं तेल म्हणून ओळखतात, सर्दीला छातीला लावतात ते. तिथे सुमारे बारा हजार तापोल आणून सोडले, रान तोडा, रस्ते काढा, भातखाचरं तयार करा, स्वतःचं अन्न स्वतः पिकवा. पिकेपर्यंत काय खायचं तर साप, सरडे, उंदीर.

आपल्याला तुरुंगात लिहिलेलं पुस्तक म्हटलं की मंडाले आणि गीतारहस्य आठवतं, पण टिळकांना निदान ग्रंथ आणि वह्या मिळत होत्या. इथे १९७३ पर्यंत कागद-पेन्सिलच मना होती. मग या गृहस्थांनी काय केलं, तर कादंबरी सांगितली. तोंडी. दिवसभर राबून आलेल्या लोकांना रात्री बराकीत गोष्ट सांगायची, एकाने ऐकलेली दुसऱ्या बराकीत पोचायची, म्हणजे कीर्तनच म्हणा ना. कागद मिळाल्यावर त्यांच्या वाटची मजुरी बाकीच्यांनी वाटून घेतली, की तू लिही. त्यातून चार कादंबऱ्या झाल्या, पहिली 'बूमी मानुसिया' (मनुष्याची भूमी, भाषांतर करायची गरजच नाही) आणि चौथी ही माझी खाकी कव्हरवाली. सुटका झाली डिसेंबर १९७९ मध्ये, पहिलं पुस्तक आलं १९८० मध्ये, हास्ता मित्रा नावाच्या प्रकाशनातून, जे त्यांनी आणि तुरुंग भोगून आलेल्या दोन साथीदारांनी मिळून काढलं होतं, आणि १९८१ मध्ये सरकारने बंदी घातली. पुढच्या तिन्ही पुस्तकांचंही तेच झालं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी योग्यकर्तात तरुण मुलांना ही पुस्तकं विकण्यावरून, वाटण्यावरून वर्षानुवर्षांची शिक्षा झाली. गणिताचं लेबल तेव्हाचं.

आता खरी गंमत. या चार कादंबऱ्यांत बुरू नाही. तापोल नाहीत, १९६५ नाही, सुहार्तो नाही. गोष्ट आहे १९०० च्या आसपासची, डच राज्यातली, मिंके नावाच्या शिकलेल्या जावानीज पोराची जो पुढे वर्तमानपत्र काढतो. हा मिंके तिर्तो आदी सूर्यो या खऱ्या पत्रकारावर बेतलेला आहे, ज्याला लोक जवळजवळ विसरले होते. आणि शेवटी डच सरकार मिंकेला हद्दपार करतं ते कुठे, तर अंबोनला, म्हणजे बुरूच्या शेजारच्या बेटांवर! लिहिणारा जिथे बसलाय तिथून समुद्र ओलांडला की त्याचं पात्र. मी नकाशा काढून बघितला तेव्हा अंगावर काटा आला.

पहिली तिन्ही पुस्तकं मिंके स्वतः सांगतो, आणि चौथ्यात तो आवाजच बंद. आता बोलतो तो पांगेमानान, त्याच्यावर पाळत ठेवणारा देशी पोलीस अधिकारी. हुशार, वाचलेला, फ्रान्समध्ये शिकलेला माणूस, मिंकेबद्दल मनातून आदर असलेला, आणि तरी त्याची फाईल भरत जाणारा. काचेचं घर म्हणजे हे, की आतला माणूस काय करतो ते बाहेरून लख्ख दिसतं. मिंके मरतो, आणि त्याने लिहिलेलं सगळं कुणाच्या हातात, तर या पोलिसाच्या. म्हणजे आपण आधीची तीन पुस्तकं वाचली ती याच्या कपाटातली. तो जाळत नाही, शेवटी मिंकेला जिने घडवलं त्या न्याई ओन्तोसोरोहकडे पाठवून देतो. ज्या माणसाचे स्वतःचे कागद शिपायांनी जाळले त्याने बेटावर बसून असा पोलीस कल्पिला जो कागद जपतो. हे भोळेपण आहे की टोमणा आहे की नुसती इच्छा आहे, मला अजून ठरवता येत नाही.

बुरूबद्दल त्यांनी लिहिलं नाही असं नाही, पण ते कादंबरीत नाही. ते आहे 'न्यान्यी सुन्यी सओरांग बिसू' या आठवणी-पत्रांच्या संग्रहात, एका मुक्याचं एकाकी गाणं. सुन्यी म्हणजे आपलं शून्य, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ झाला नीरव, एकाकी. त्यात मुलांना लिहिलेली, न पोचलेली पत्रं आहेत आणि मेलेल्या-बेपत्ता कैद्यांची यादी आहे. आणखी एक पुस्तक आहे, जपान्यांनी युद्धात शिक्षणाची लालूच दाखवून जहाजांवर नेलेल्या जावाच्या मुलींचं. त्यातल्या काही बुरूवर टाकून दिल्या गेल्या होत्या, आणि तिथे कैदी म्हणून आलेल्या या माणसांना त्या म्हाताऱ्या झालेल्या भेटल्या. म्हणजे एका हद्दपारीच्या खाली आधीची दुसरी हद्दपारी निघते, जमीन खणताना जुना पाया लागावा तशी.

तर जो आत होता त्याने आतली गोष्ट कादंबरी म्हणून सांगितली नाही. ती सांगितली जे कधीच आत नव्हते त्यांनी.

थांबा, मध्ये एक गोष्ट सांगायची राहते, नाहीतर मी प्रामुद्यांची आरती करतेय असं वाटेल. १९६५ च्या आधी ते सांस्कृतिक आघाडीवर चांगलेच जहाल होते, डाव्यांच्या लेक्रा संघटनेत, वर्तमानपत्राच्या साहित्य पानावरून विरोधी लेखकांवर तुटून पडायचे, आणि त्या विरोधी लेखकांच्या जाहीरनाम्यावर सुकार्नोंनी १९६४ मध्ये बंदीही घातली. १९९५ मध्ये त्यांना मॅगसेसे जाहीर झालं तेव्हा मोख्तार लुबिस या ज्येष्ठ पत्रकाराने निषेध म्हणून स्वतःचं मॅगसेसे परत केलं. लुबिसना सुकार्नोंच्या राज्यात वर्षानुवर्षं तुरुंग घडलेला. हे वाचल्यावर मला त्या पांगेमानानकडे परत जावंसं वाटलं. कागदावर दुसऱ्याचा न्याय करणारा माणूस लेखकाने एवढ्या बारकाईने रंगवला त्यात थोडा स्वतःचा अंश नसेल का? असेल नसेल, हा माझा तर्क.

सुहार्तोंच्या काळात देशात राहून लिहिणाऱ्यांनी आडून आडून लिहिलं. उमर कायाम यांच्या दीर्घकथेतली बावुक, चांगल्या घरची धाकटी मुलगी, कम्युनिस्ट नवऱ्यामागे जाते आणि मुलांना आईकडे ठेवून परत त्याला शोधायला निघते. अहमद तोहारींच्या 'रोंगेंग दुकुह पारुक' मधली स्रिन्तील ही गावची नाचणारी, राजकारण कशाशी खातात तिला माहीत नाही, पक्षाच्या सभांना नाचली म्हणून तुरुंगात जाते आणि पुढे तिचं डोकं फिरतं. त्यातले नको असलेले भाग तेव्हा कापले गेले, पूर्ण रूपात पुस्तक आलं २००३ मध्ये. मला स्रिन्तील वाचताना आपल्या तमाशातल्या बायका आठवल्या हे खरं, पण तिथेच थांबते. बायकांची छावणी होती मध्य जावात प्लान्तुंगानला, पूर्वीची कुष्ठरोग्यांची वसाहत. बुरूवर एवढं लिहिलं गेलं, तिच्यावर त्या मानाने फारच थोडं.

आणि सुटलेल्यांचं काय. ओळखपत्रावर 'ईटी' शिक्का, एक्स-तापोल, माजी राजकीय कैदी. त्यांच्या मुलांना सरकारी नोकरी नाही, सैन्यात नाही, शिक्षक होता येत नाही, कारण नियम होता 'बर्सिह लिंकुंगान', स्वच्छ परिसर. परिसर म्हणजे काका, मामा, सासरे. विटाळाची कल्पना आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इबूंनी ही सगळी वाक्यं मला व्याकरणाच्या तासाला सांगितली, कर्मणी प्रयोग शिकवताना. 'दिआमानकान' म्हणजे शब्दशः 'सुरक्षित केला गेला', प्रत्यक्षात उचलला गेला किंवा मारला गेला. कोणी केला ते वाक्यात येतच नाही. म्हणाल्या, आमच्या देशात कर्मणी प्रयोग फार चांगला चालतो. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या रात्री टीव्हीवर १९८४ सालचा तो सरकारी सिनेमा लागायचा, जनरल्सच्या हत्येचा, साडेचार तासांचा, तो शाळेतल्या मुलांना बघायला लावायचे. इबूही आपल्या वर्गाला घेऊन बसायच्या. मुलं रात्री झोपायची नाहीत म्हणाल्या. त्यापुढे काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

१९९८ मध्ये सुहार्तो सत्तेवरून गेले आणि मग पुढची पिढी लिहायला लागली. लैला चुदोरी १९६२ चा जन्म, लक्ष्मी पामुन्चाक १९७१, एका कुर्नियावान (एका हे त्याचं नावच) १९७५. म्हणजे १९६५ मध्ये एक तीन वर्षांची आणि बाकी दोघं जन्मालाही आलेले नाहीत. यांना आठवण नाहीये, यांनी ती मागून घेतलीय, माहेरून भांडी मागून आणावी तशी.

चुदोरींची 'पुलांग' (२०१२) मी सगळ्यात आधी पूर्ण वाचलेली इंडोनेशियन कादंबरी, डिक्शनरी मांडीवर घेऊन. पुलांग म्हणजे घरी येणं, नुसतं परतणं नाही. दिमास सूर्यो नावाचा पत्रकार १९६५ मध्ये सान्तियागोला परिषदेला गेलेला, परत येताच येत नाही, हवाना, पेकिंग करत पॅरिसला पोचतो आणि तिथे चार मित्र मिळून रेस्टॉरंट काढतात, 'तानाह आइर'. तानाह जमीन, आइर पाणी, जोडून अर्थ होतो मायदेश. आणि असं रेस्टॉरंट खरंच होतं पॅरिसमध्ये, रू द व्होजिरारवर, १९८२ मध्ये हद्दपार लोकांनी सहकारी तत्त्वावर काढलेलं. ज्यांना देशात जाता येत नव्हतं ते परदेशात देश वाढून देत होते.

कादंबरीत दिमास घरात बरण्यांमध्ये हळद आणि लवंगा भरून ठेवतो. स्वयंपाकासाठी नाही, वासासाठी. मधूनमधून झाकण उघडायचं, नाक खुपसायचं. त्याची पॅरिसमध्ये जन्मलेली मुलगी लिंतांग, जिने जकार्ता बघितलेलं नाही, तिच्यासाठी देश म्हणजे तो वास. हे वाचून मी किचनमध्ये गेले आणि पुण्याहून आणलेल्या गोड्या मसाल्याची पिशवी उघडून हुंगली, मला तर काय हवं तेव्हा तिकीट काढून घरी जाता येत होतं, तरी. दिमास दर वर्षी व्हिसाचा अर्ज करतो, दर वर्षी नकार. त्याला जकार्तातल्या करेत कब्रस्तानात पुरायचंय, तिथल्या मातीचा वास वेगळा म्हणतो. मे १९९८ मध्ये लिंतांग डॉक्युमेंटरी करायला जकार्ताला जाते, सुहार्तो पडतात ते बघते, आणि बाप शेवटी घरी येतो तो पेटीतून.

'अम्बा' ही लक्ष्मी पामुन्चाकची, तीही २०१२ चीच. आता बघा, नायिकेचं नाव अम्बा, तिच्या जुळ्या बहिणी अम्बिका आणि अम्बालिका, ठरलेला नवरा साल्वा आणि ज्याच्यापायी सगळं उलटंपालटं होतं तो डॉक्टर भिस्मा! कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला शेवट आधीच माहीत आहे असं वाटणार. मलाही वाटलं, आणि चुकलं. आपला भीष्म अम्बेला नाकारतो ते प्रतिज्ञेपायी, आणि इरावतीबाईंनी त्यावरून त्याला चांगलाच धारेवर धरलाय. इथला भिस्मा तिला नाकारतच नाही. १९६५ मध्ये एका धाडीच्या धांदलीत तो तिच्या हातून निसटतो, बुरूला पोचतो, आणि १९७९ मध्ये सगळे सुटून गेले तरी हा तिथेच राहतो. अम्बा चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याचा माग काढत बेटावर जाते. जावाच्या वायांगमधली (सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ) कथाही जरा वेगळी आहे, तिथे भीष्म अम्बेला फक्त घाबरवायला बाण रोखतो आणि तो चुकून सुटतो, ती मरते. चुकून. इबूंना मी विचारलं, चुकून सुटलेल्या बाणाची जबाबदारी कुणाची? त्या म्हणाल्या, कर्मणी प्रयोग.

एका कुर्नियावानचा प्रकार निराळा, त्याच्या पुस्तकात मेलेले कम्युनिस्ट गावात भुतं होऊन फिरतात आणि मारणाऱ्यांना झोपू देत नाहीत. पण माझ्या लक्षात राहिलाय त्याचा कॉम्रेड क्लिवोन, जो १ ऑक्टोबरच्या सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात बसून पेपरची वाट बघतोय. बाहेर जग कोसळतंय, लोक येऊन सांगतायत पळ, आणि हा म्हणतो माझे पेपर आले नाहीत. पेपर येतच नाहीत.

तक्रार करायची तर एक आहे. या कादंबऱ्यांत पकडले गेलेले लोक फार छान आहेत. डॉक्टर, पत्रकार, कविता पाठ असलेले, चांगला स्वयंपाक करणारे. मेलेल्यांत बहुसंख्य खेड्यातले, ज्यांचं नाव शेतकऱ्यांच्या नाहीतर बायकांच्या संघटनेच्या कुठल्यातरी यादीत होतं, बस्. त्यांची बरणी कुणी उघडायची? आणि मारणाऱ्यांत शेजारीही होते, ते या पुस्तकांत सावलीसारखे येऊन जातात. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडोंनी १९६५ सकट बारा घटनांबद्दल खेद व्यक्त केला, खेद, आणि १९६५ च्या कत्तलीबद्दल खटला अजून कुणावर नाही.

परत यायच्या आधी इबूंनी शेवटचा होमवर्क दिला तो चुदोरींच्याच दुसऱ्या कादंबरीवर, 'लाउत बर्चरिता'. ही १९९८ च्या आसपास पळवून नेलेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट. त्यातले तेरा जण खऱ्या आयुष्यात आजतागायत सापडलेले नाहीत, आणि त्यांच्यासाठी आणि अशा इतरांसाठी २००७ पासून दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोर काळ्या छत्र्या घेऊन लोक उभे राहतात. कादंबरीतला मुलगा लाउत, त्याच्या नावाचा अर्थ समुद्र, आणि पहिल्याच प्रकरणात त्याला समुद्रात टाकून मारतात, तो पाण्याखालूनच गोष्ट सांगतो. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात त्याच्या घरचा रविवार येतो. सगळे मिळून स्वयंपाक करतात, बाप चार पानं मांडतो, आई, बाप, धाकटी बहीण आणि लाउत. मग थांबतात. दर रविवारी.

मी दहा ओळींचा सारांश लिहिला होता, त्यातलं शेवटचं वाक्य 'लाउत तिदाक पुलांग', लाउत घरी आला नाही. इबूंनी लाल पेनने तिदाक खोडलं आणि वर लिहिलं 'बलूम'.

मी हुज्जत घातली. म्हटलं इबू, तो पहिल्या प्रकरणातच मेलाय, अजून काय अजून.

त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, म्बाक, ते तुला माहितीये. तू वाचलंयस. ताट मांडणाऱ्याला कुठे माहितीये.